जखम भरली, मग हात का मिटला?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. कर्जाच्या अर्जांवर सह्या चालल्या होत्या. आमच्यातल्या एक काकू डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढत बसल्या होत्या. गटात नव्यानं आलेल्या एका सुनबाईनं सहज विचारलं, "काकू, तुम्ही डावऱ्या का?" काकूंनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं तळव्याकडे वळून घट्ट मिटलेली होती. आम्ही बारा वर्षं एका सतरंजीवर बसतो, पण तो हात आम्ही कधी नीट बघितलाच नव्हता.

काकू तीन-चार वर्षांच्या असताना चुलीपुढं पडल्या आणि तळहात निखाऱ्यांवर टेकला. घरच्यांनी सुचेल ते लावलं, फडकं बांधलं. "दीड-दोन महिन्यांत जखम भरली," काकू म्हणाल्या. "आई सगळ्यांना सांगायची, देवानं हात वाचवला. आणि मग बघता बघता हात मिटत गेला. जखम तर भरली होती ना गं? मग हात का मिटला?"

आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, दवाखान्यात जाणत्यांना विचारलं. तेव्हा कळलं की काकूंचा प्रश्न फार जुना आहे. तो विचारणाऱ्यांना उत्तर सापडायला शेकडो वर्षं लागली. आजच्या बोलण्यात आपण त्या उत्तराचा माग काढू.

आधी बसल्या जागी एक करून बघा. कोपर सरळ ठेवा आणि कोपराच्या मागची कातडी चिमटीत धरा. ती सैल, सुरकुतलेली लागेल. आता कोपर वाकवा. तीच कातडी ताणून गुळगुळीत होते. म्हणजे सांधा वाकायला जेवढी कातडी लागते, तेवढी तिथं आधीच राखून ठेवलेली असते. काखेत असते, गुडघ्यावर असते, मानेला असते, बोटांच्या प्रत्येक पेरावर असते. चोळी शिवताना काखेत कापड कमी पडलं तर हात वर होत नाही. हात धडधाकट असतो, अडवतं ते कापड. भाजल्यावर अंगावरच्या कातडीचं असंच होतं.

कातडी हे नुसतं सैल आवरण नाही, ती ठरावीक दिशेनं ताणलेली असते. हे १८६१ साली व्हिएन्नातल्या कार्ल लँगर या शरीररचनेच्या अभ्यासकानं दाखवून दिलं. त्यानं मृतदेहाच्या कातडीवर गोल टोकाच्या हत्यारानं भोकं पाडली. हत्यार गोल, पण भोकं मात्र लांबट, चिरेसारखी झाली. कुठं आडवी, कुठं उभी, कुठं तिरपी. त्या चिरा जोडत त्यानं अख्ख्या शरीराचा ताणाचा नकाशा काढला. आजही शस्त्रक्रिया करताना चिरा कुठल्या दिशेनं द्यायचा, याचा विचार या रेषा डोळ्यांसमोर ठेवून केला जातो. कारण सांध्याच्या वाकण्याला आडवा येणारा वण हलक्यानं बसतो, पण सांध्यावरून उभा गेलेला वण दोरीसारखा ताठतो.

पण आपण फार पुढं गेलो. गोष्ट त्याच्याही खूप आधी, आपल्याच देशात सुरू होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. नुसता रंग बदलला ते प्लुष्ट, फोड येऊन आग होते ते दुर्दग्ध, आणि मांस, शिरा, सांधे यांपर्यंत पोचलं ते अतिदग्ध. म्हणजे जाळ किती मोठा होता यापेक्षा तो किती खोल गेला हे महत्त्वाचं, ही समज तेव्हाही होती. आजही डॉक्टर पहिल्यांदा हेच बघतात. वरवरचं भाजलेलं साधारण दोन आठवड्यांत बरं होतं आणि बहुतेक वेळा वण ताठत नाही. पण जी जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात, तिचा वण जाड होण्याची आणि आखडण्याची भीती मोठी. हा तीन आठवड्यांचा हिशेब प्रत्येकीनं लक्षात ठेवावा.

आता युरोपात जाऊ. जर्मनीतल्या हिल्डेन गावी १५६० साली जन्मलेला विल्हेल्म फाब्री हा जखमांवर इलाज करणारा वैद्य होता. त्यानं १६०७ साली केवळ भाजण्यावर एक पुस्तक छापलं. भाजल्याचे तीन दर्जे त्यानं सांगितले. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की, भाजल्यामुळे आखडलेल्या हाताकडे त्यानं वेगळा रोग म्हणून बघितलं. वळलेली बोटं हळूहळू ओढून सरळ करण्यासाठी त्यानं साधन बनवलं आणि त्याचं चित्रही काढून ठेवलं. काकूंचा हात चारशे वर्षांपूर्वी त्यानं बघितला असता, तर त्याला ओळखू आला असता.

फाब्रीची बायको मारी कोलिने हीसुद्धा सुईण होती आणि जखमांवर इलाज करायची. १६२४ साली एका माणसाच्या डोळ्यात पोलादाचा कण रुतला होता. नवऱ्याला तो निघेना. लोहचुंबक लावून बघा, ही युक्ती तिची. फाब्रीनं ते श्रेय आपल्या लिखाणात तिच्याच नावावर नोंदवलं. बाईच्या हातचं काम बहुतेक वेळा नोंदवलं जात नाही, इथं ते झालं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बोटं ओढून सरळ करायची, इथवर उत्तर आलं. पण कातडीच कमी पडली असेल तर नुसतं ओढून किती पुरणार? कमी पडलेली कातडी आणायची कुठून? या प्रश्नाच्या उत्तरातला एक मोठा धागा आपल्या पुण्यातून जातो.

१७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढं पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या समाजातल्या कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. त्यानं मेणाचं नाक करून माप घेतलं. ते मेण कपाळावर पसरून तेवढी कातडी आखली आणि सोडवली. पण भुवयांच्या मध्ये ती मुळाशी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त पोचत राहील. मग ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली. दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्यानं बराच अभ्यास केला आणि १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचं नाव कागदावर राहिलं, कार्प्यूचंही राहिलं. ज्यानं हे केलं त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

ही नाकाची गोष्ट आम्ही का सांगतोय? कारण जिवंत कातडी मुळाशी जोडलेली ठेवून शेजारी वळवता येते, हीच कल्पना पुढं आखडलेले सांधे मोकळे करायला उपयोगी पडली. वणाचा ताठ दोर सोडवायचा तर डॉक्टर नागमोडी चिरा देतात आणि कातडीचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवून शिवतात. रुंदीतली थोडी कातडी लांबीत येते आणि दोर ढिला पडतो. तोकड्या कापडातून चोळी बेतताना आपणही एका बाजूचा तुकडा दुसऱ्या बाजूला तिरपा लावतोच की.

पण वण मोठा असेल तर शेजारून वळवण्याइतकी चांगली कातडी उरलेलीच नसते. त्यावरही तोडगा निघाला. १८६९ साली पॅरिसमध्ये जॅक रेव्हर्दां या तरुण डॉक्टरनं दुसरीकडच्या कातडीचे अगदी बारीक कण काढून उघड्या जखमेवर ठेवले. शेतात टोकण करावी तसे. ते कण रुजले आणि त्यांच्या कडांनी नवी कातडी पसरली. १८७४ मध्ये जर्मनीच्या थिअर्शनं पातळ, मोठे पापुद्रे लावून दाखवले. १८७५ मध्ये ग्लासगोच्या वुल्फनं कातडीची पूर्ण जाडी उचलून पापणीवर बसवली. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली : पातळ पापुद्रा लवकर रुजतो, पण नंतर जास्त आकसतो. जाड कातडी रुजायला नाजूक, पण आकसते कमी. म्हणून पापणी, बोटं अशा हलत्या जागी शक्यतो जाड कातडी वापरतात.

इथं एक चूकही सांगायला हवी, कारण चुकीतूनच पुढची वाट सापडली. १९२५ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये भाजलेल्या जागेवर टॅनिक आम्ल लावायची पद्धत सुरू झाली. बाभळीच्या सालीत, तरवडाच्या सालीत चामडं कमावण्याचं जे द्रव्य असतं, त्याच जातीचं हे. ते लावलं की जखमेवर घट्ट, काळपट कवच धरायचं. पाणी झिरपायचं थांबायचं, जखम कोरडी दिसायची. सगळीकडं ही पद्धत पसरली. पुढं दुसऱ्या महायुद्धात विमानं पेटून तरुण वैमानिक भाजू लागले. त्यांच्या हातांवर हे कवच बसलं की बोटांचा रक्तपुरवठा आवळला जायचा, बोटं ताठून निकामी व्हायची. पापण्या आखडायच्या, डोळे मिटेनात.

इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो हे न्यूझीलंडचे डॉक्टर या मुलांवर उपचार करत होते. त्यांना दिसलं की जे वैमानिक समुद्रात पडले होते, त्यांच्या जखमा जास्त चांगल्या भरत होत्या. त्यांनी टॅनिक आम्लाला कडाडून विरोध केला, मिठाच्या पाण्याच्या आंघोळी सुरू केल्या. पाण्यात जखम मऊ राही आणि बोटं हलवताही येत. चेहरा आणि हात यांवर टॅनिक आम्ल लावायचं १९४० मध्ये बंद झालं.

मॅकिंडोंनी दुसरीही एक गोष्ट केली. त्यांनी रुग्णांना लपवलं नाही. गावातल्या लोकांना सांगितलं की ही मुलं बाजारात येतील, खानावळीत बसतील, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, तोंडही फिरवू नका. गावानं ते ऐकलं. १९४१ मध्ये रुग्णांनी आपला एक गट काढला आणि प्रयोगाच्या उंदरांसारखे आपण म्हणून गमतीनं त्याला 'गिनी पिग क्लब' नाव दिलं. युद्ध संपेपर्यंत त्यात ६४९ जण झाले होते. एकेकाच्या दहा, वीस, तीस शस्त्रक्रिया झाल्या. त्या निभावल्या त्या एकमेकांच्या आधारावर. मैत्रिणींनो, गट काय करू शकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता काकूंच्या प्रश्नाच्या अगदी जवळ आलो. जखम भरल्यावरही वण ओढतो कशानं? १९७१ साली जिनिव्हात गॅबियानी आणि त्यांच्या सोबत्यांनी भरत आलेल्या जखमेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. तिथं धागे विणणाऱ्या पेशींनी स्नायूसारखी ताकद कमावलेली दिसली. या पेशी जखमेच्या कडांना धरून आत खेचतात. त्या खेचतात म्हणून जखम लहान होते, मिटते, जीव वाचतो. पण खोल भाजलेल्या जागी वरचं कातडं मिटल्यावरही त्या बरेच महिने थांबत नाहीत. चांगल्या कातडीत रबरासारखे ताणणारे धागे असतात, नव्या वणात ते जवळजवळ नसतात. घाईघाईनं विणलेल्या जाड, राठ धाग्यांचे पीळच्या पीळ तिथं रचले जातात. फाटलेल्या लुगड्याला ओढून टाके घातले की आजूबाजूचं चांगलं कापडही चुण्या पडून आत येतं, तसं होतं.

हे ओढणं पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जोरात असतं. वण लाल, उंच, कडक, खाजरा असतो तोवर तो जिवंत आहे, काम करतोय असं समजायचं. फिका, सपाट आणि मऊ व्हायला वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. या काळात सांधा वाकलेलाच राहिला तर आधी कातडी तोकडी पडते, मग आतले स्नायू आणि सांध्याला बांधणारे दोर तोकडे पडतात. लहान मुलाचं तर हाड वाढतं, वण वाढत नाही. त्यामुळे वाढत्या वयात सांधा आणखी वाकडा होतो. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. जखम भरली तेव्हा काम संपलं नव्हतं. निम्मंच झालं होतं.

मग उरलेलं निम्मं कसं करायचं, हे साधारण याच काळात नीट समजलं. १९६१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या थॉमस क्रोनिन यांनी मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मानेला मापाचा साचा बसवून तो कित्येक महिने घालायला लावला. मान पुन्हा आखडली नाही. त्याच राज्यात गॅल्व्हेस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात ड्युएन लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं की जिथं आधाराची पट्टी घट्ट बसते, तिथला वण सपाट आणि मऊ राहतो. त्यातून अंगाला चपखल बसणारे दाबाचे कपडे आले. ते आंघोळीपुरते काढून दिवसरात्र घालायचे असतात.

आणि युगोस्लाव्हियात, आज ज्याला स्लोव्हेनिया म्हणतात तिथल्या मारिबोर गावात, झोरा यान्झेकोविच या बाईंनी सगळा क्रमच बदलला. तोवर जळलेलं कातडं आपोआप सुटून पडायची वाट बघत. त्यात आठवडे जात, जखम चिघळे. झोराबाई भाजल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसात मेलेलं कातडं पातळ थरांनी तासून काढत, खाली रक्ताळलेला जिवंत थर दिसला की थांबत आणि लगेच नवी कातडी लावत. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेव्हा मोठमोठ्या देशांतले डॉक्टर त्या छोट्या गावी शिकायला आले. जखम लवकर मिटली की वण कमी आणि आखडणंही कमी. आजही जगभर खोल भाजल्यावरचे उपचार याच वाटेनं जातात.

आपल्याकडे मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मेल्यानंतर दान केलेली कातडी तिथं साठवतात आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्यांच्या जखमा झाकायला वापरतात. त्या कामामागे डॉ. माधुरी गोरे होत्या. त्यांनीच केळीच्या पानांची जखमपट्टी वापरून तपासली आणि २००३ साली ते काम प्रसिद्ध झालं. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना कळा येत नाहीत, आणि ते स्वस्त पडतं. मात्र ती पानं रुग्णालयात वाफेनं निर्जंतुक केलेली असतात. परसातलं पान तोडून तसंच जखमेवर ठेवायचं नाही, हे नक्की लक्षात ठेवा.

एवढ्या लांबच्या प्रवासातून आपण घरी काय आणायचं?

पहिलं, भाजल्याबरोबर साधं, वाहतं पाणी. वीस मिनिटं. बर्फ नको, शाई, टूथपेस्ट, हळद, तेल काही नको. आणि सूज यायच्या आत अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढा. बांगडी काढायला मन धजत नाही, आम्हाला माहीत आहे. पण सुजलेल्या मनगटात रुतलेली बांगडी हाताचं रक्त अडवते. बांगडी पुन्हा भरता येते.

दुसरं म्हणजे या सगळ्या इतिहासाचं सार आहे. ज्या स्थितीत दुखत नाही, नेमक्या त्याच स्थितीत सांधा आखडतो. भाजलेला माणूस हात पोटाशी घेतो, मान खाली घालतो, गुडघा पोटाशी ओढतो. बघणाऱ्यांना माया येते, ते उशी सारतात. मान भाजली असेल तर उशी काढायची असते, मान थोडी मागे राहिली पाहिजे. काख भाजली तर हात अंगापासून दूर, खांद्याच्या रेषेत. कोपर आणि गुडघा सरळ. पाऊल घोट्याशी काटकोनात. हाताच्या बाबतीत मनगट थोडं मागे, बोटं पेरांत सरळ, अंगठा बाजूला. नेमकं कसं ठेवायचं, आधाराची पट्टी कधी लावायची, कातडी लावली असेल तर किती दिवस हलवायचं नाही, हे डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारा. पण विचारा मात्र नक्की. "घरी गेल्यावर हात कसा ठेवायचा, व्यायाम कुठला?" हा प्रश्न रुग्णालयातून निघायच्या आधी विचारायचाच.

तिसरं, व्यायाम रोजचा. आमच्यातली एक म्हणाली, "घरकामात हात हलतोच की, वेगळा व्यायाम कशाला?" आम्हीही तसंच समजत होतो. पण बघा, भाकरी थापताना, भांडी घासताना हात जिथवर सहज जातो तिथवरच आपण नेतो. वण तेवढ्यावरच थांबतो आणि रोज थोडा आणखी अलीकडे येतो. व्यायाम म्हणजे त्याच्या थोडं पलीकडे जाणं. कातडी ताणून पांढरट दिसेपर्यंत सावकाश न्यायचं, तिथं थोडं थांबायचं, हिसका द्यायचा नाही. काख भाजलेल्या बाईनं भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यावा आणि जिथवर पोचला तिथं कोळशानं रेघ मारावी. आठवड्यानं रेघ वर गेली की तिलाच दिसतं.

चौथं, जखम पूर्ण मिटल्यावर खोबरेल तेलानं दिवसातून दोन-तीनदा चोळायचं. खोल भाजलेल्या जागी घाम आणि तेल सुटत नाही, वण कोरडा पडून भेगाळतो. उन्हात झाकून ठेवायचा. आणि जुन्या वणावर भरून न येणारी, पुन्हा पुन्हा उलणारी जखम झाली तर ताबडतोब दाखवायची. अशा जखमेचं कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. मार्जोलँ या फ्रेंच डॉक्टरनं अशा जखमांबद्दल १८२८ मध्येच लिहून ठेवलं आहे.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. घरात मात्र काय होतं तेही बोलू. बाई भाजली की जखम उघडी असेपर्यंत घर हलतं. गाडी होते, पैसे उभे राहतात. जखम मिटली की सगळे म्हणतात, झालं बरं, लाग कामाला. व्यायामासाठी तालुक्याला आठवड्यातून दोनदा जायचं म्हटलं की भाडं कोण देणार, रोज कोण बुडवणार. कशानं भाजली हेही पुष्कळदा खरं सांगितलं जात नाही. त्यात वण दिसू नये म्हणून पदर ओढला जातो आणि पदराखाली हात मिटत जातो. वर्षभरानं कळतं तेव्हा वेणी घालता येत नसते, डोक्यावर हंडा घेता येत नसतो, लेकराला कडेवर घेता येत नसतं.

इथं गटाचं काम आहे. गावात कुणी भाजलं तर जखम भरल्याच्या दिवसापासून वर्षभर तिची आठवण ठेवायची. महिन्यातून एकदा बैठकीत विचारायचं, हात कुठवर वर जातो, दाखव बरं. तालुक्याला जायचं भाडं गटाच्या मदतनिधीतून देता येतं का बघायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजण्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन चौकशी करायची. सांधा कायमचा आखडून हालचाल अडत असेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणी मागता येते. आणि घरातल्याच कुणी जाळलं असेल, तर ते काम आणखी वेगळं, पण तेही आपलंच.

जुना, वर्षानुवर्षांचा वणसुद्धा सोडवता येतो का? बऱ्याच वेळा येतो, पूर्ण किंवा काही प्रमाणात. आम्ही काकूंना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. डॉक्टरांनी हाताचा फोटो काढला, बोटं हलवून बघितली. म्हणाले, इतक्या वर्षांत करंगळीचा सांधाच बदललाय, ती पूर्ण सरळ होणार नाही. पण दुसऱ्या दोन बोटांत आशा आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र सहा महिने पट्टी आणि रोजचा व्यायाम, त्यात कुचराई चालणार नाही.

परतीच्या एसटीत काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी ज्वारी निघू दे. मग जाऊ." आणि थोड्या वेळानं, "माझ्या आईला कुणी सांगितलंच नाही गं. सांगितलं असतं तर तिनं रोज माझी बोटं उघडली असती."

मैत्रिणींनो, त्या आईला सांगायला कुणी नव्हतं. आपल्याला आता माहीत झालंय. तुमच्या गल्लीत, तुमच्या गटात कुणाचा हात पदराखाली असेल तर ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचवा. आणि ज्वारी निघाल्यावर काकूंचं काय झालं, ते आम्ही तुम्हाला इथंच सांगू.

नमस्कार.